एकूण आकडा कमी का दिसतो? टीएम-वनवर बजेट बांधणाऱ्यांसाठी

टीएम-वन हे आयबीएमचं बजेट बांधायचं टूल. त्याच्या क्यूबमध्ये, म्हणजे प्रॉडक्ट, ग्राहक, महिना अशा अनेक बाजूंच्या तक्त्यात, तीन प्रॉडक्ट घ्या. पहिल्याचे १,२०० नग, दर ४५० रुपये, विक्री ५,४०,०००. दुसऱ्याचे ८०० नग, दर ४००, विक्री ३,२०,०००. तिसऱ्याचे २५० नग, दर ४६०, विक्री १,१५,०००. बेरीज ९,७५,००० यायला हवी. स्क्रीनवर एकूण नग २,२५० असे बरोबर दिसतात, पण एकूण विक्री दिसते ८,६०,०००. सरासरी दराच्या रकान्यात ३८२.२२. आता या तिघांत ४०० च्या खाली दर एकाचाही नाही. मग सरासरी ३८२ आली कुठून?

टीएम-वनवर ज्यांचे हात बसलेत त्यांना एवढ्यावरून कळतं की तिसरं प्रॉडक्ट फीड झालेलं नाही, म्हणजे बेरजेत ते सोडू नकोस ही खूण इंजिनला मिळालेली नाही. त्याची स्वतःची रक्कम उघडून बघितली तर १,१५,००० व्यवस्थित दिसते, फक्त ती बेरजेत धरली जात नाही. एक्सेलमध्ये फॉर्म्युला तुटला की निदान सेलमध्ये एरर झळकतो. इथे चुकलेला आकडा बरोबर आकड्याइतकाच नीटनेटका दिसतो, आणि तसाच संचालक मंडळापुढे जातो. म्हणून बेरीज कुठे कुठे फसते त्या जागा माहीत हव्यात. जागा फार नाहीत, आणि प्रत्येकीचं लक्षण वेगळं असतं.

टीएम-वन म्हणजे आजचं आयबीएम प्लॅनिंग ॲनालिटिक्स. मॅनी पेरेझ यांनी १९८० च्या दशकात बांधलेलं हे इंजिन आधी ॲप्लिक्सकडे, २००७ मध्ये कॉग्नोसकडे आणि २००८ मध्ये कॉग्नोससकट आयबीएमकडे गेलं. नावं बदलली, आतलं तत्त्व तेच राहिलं: सगळा डेटा मेमरीत ठेवायचा, फक्त खालच्या पातळीचे आकडे साठवायचे आणि बेरजा कोणी मागेल तेव्हा करायच्या. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे. ओरॅकलच्या एसबेसमध्ये, निदान त्याच्या जुन्या ब्लॉक प्रकारात, बेरजा आधी करून साठवता येतात. ॲनाप्लॅनमध्ये फीडर हा प्रकारच नाही, तिथे, निदान जुन्या क्लासिक इंजिनमध्ये, डोकेदुखी असते ती सेलच्या संख्येची. खाली जे लिहिलंय ते टीएम-वनबद्दल आहे, पण डेटा भरणं, वर्षाची रचना, पगाराचं बजेट आणि फ्रीझ (मंजूर बजेट गोठवणं) हे भाग कुठल्याही टूलला लागू पडतील.

आधी रिकाम्या जागेचा हिशेब

५०० प्रॉडक्ट, २०० ग्राहक, १२ महिने. नुसत्या एका मापाच्या, म्हणजे समजा नगांच्या, १२ लाख जागा झाल्या. प्रत्यक्षात एक ग्राहक सरासरी १५ प्रॉडक्ट घेतो असं धरलं तर ३,००० जोड्या, गुणिले १२, म्हणजे ३६,००० जागा भरलेल्या. शेकडा ३. उरलेल्या ९७ टक्के जागा रिकाम्या आहेत आणि रिकाम्याच राहणार. बजेटच्या जवळपास प्रत्येक क्यूबचं चित्र असंच असतं.

बेरीज करताना इंजिन रिकाम्या जागांवरून उडी मारून जातं, म्हणून ते वेगवान. पण क्यूबला रूल, म्हणजे आकडा काढायचं सूत्र, लावला की पंचाईत होते. रूलने येणारा आकडा साठवलेला नसतो, तो मागितल्यावर काढला जातो. म्हणजे इंजिनच्या दृष्टीने ती जागाही रिकामीच. रिकामी म्हणून उडी मारली तर रक्कम सुटेल, म्हणून रूल असलेल्या क्यूबमध्ये इंजिन उडी मारणं बंद करतं आणि सगळ्या १२ लाख जागांना भेट देत बसतं. आकडा बरोबर येतो, पण स्क्रीन उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागतो.

यावरचा उपाय म्हणजे रूलच्या फाइलीत सगळ्यात वर स्किपचेक लिहायचं. त्याचा अर्थ: पुन्हा उडी मारायला लाग. आणि खाली फीडर्सच्या भागात सांगायचं की या या जागा रिकाम्या दिसल्या तरी तिथे रूलचा आकडा आहे, त्या सोडू नकोस. फीडर म्हणजे आकडा नव्हे, ती नुसती खूण. ही खूण द्यायची राहिली की लेखाच्या सुरुवातीचा प्रकार घडतो.

फीडर कुठून द्यायचा

विक्रीचा रूल आहे नग गुणिले दर. नग विक्रीच्या क्यूबमध्ये, ग्राहकनिहाय. दर वेगळ्या क्यूबमध्ये, फक्त प्रॉडक्ट आणि महिना, ग्राहक नाही. फीडर नगांकडून द्यायचा की दराकडून?

नगांकडून दिला तर जिथे नग आहेत तिथेच खूण पडेल, म्हणजे ३६,००० खुणा. दराकडून दिला तर दर सगळ्या ५०० प्रॉडक्टांना बाराही महिने भरलेले असतात, आणि प्रत्येक दर २०० ग्राहकांना खूण देईल. झाल्या १२ लाख. तेहेतीस पट. दोन्हीकडे बेरीज अगदी बरोबर येते, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त सर्व्हरची मेमरी फुगत जाते आणि दोन वर्षांनी कोणीतरी म्हणतं की हे टूलच मंद आहे. गुणाकारात जो घटक विरळ असेल त्याच्याकडून फीडर द्यायचा, एवढा नियम पाळला तरी अर्धं काम झालं.

फीडर लिहिताना नेहमी होणाऱ्या चुका:

रूल टार्गेट क्यूबमध्ये लिहितात म्हणून फीडरही तिथेच लिहिला जातो. फीडर सोर्स क्यूबच्या रूलमध्ये लिहायचा असतो, जिथून आकडा निघतो तिथे. मनुष्यबळाच्या क्यूबमधून पगार नफा-तोट्याच्या क्यूबमध्ये जात असेल तर रूल नफा-तोट्यात, फीडर मनुष्यबळात.

फीडरच्या उजव्या बाजूला बेरजेचा एलिमेंट (यादीतली एक नोंद) दिला तर त्याच्या खालच्या सगळ्या एलिमेंटना खूण पडते. "एकूण ग्राहक" असं सहज लिहिलं की २०० ग्राहक फीड झाले. कधी कधी हे मुद्दाम करावं लागतं, पण बहुतेक वेळा तो आळस असतो.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे अटीचा फीडर. प्रॉडक्टच्या ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात, "चालू" असेल तरच फीड कर, अशी अट घातली. फीडर केव्हा चालतो? सोर्स सेलमध्ये शून्याच्या जागी आकडा येतो तेव्हा. समजा नग भरले त्या दिवशी तिसरं प्रॉडक्ट "बंद" होतं आणि आठवड्याने मास्टरमध्ये कोणीतरी ते "चालू" केलं. रूल लगेच नवी अट बघतो आणि रक्कम दाखवतो. फीडर मात्र पुन्हा चालत नाही, कारण नग बदललेलेच नाहीत. सुरुवातीच्या उदाहरणात १,१५,००० गळाले ते असेच. अटीचे फीडर ठेवायचेच असतील तर ॲट्रिब्यूट बदलणाऱ्या प्रोसेसच्या (टूलमधल्या स्क्रिप्टच्या) शेवटी त्या क्यूबचे फीडर पुन्हा चालवणारं फंक्शन, क्यूब-प्रोसेस-फीडर्स, टाकून ठेवा. सर्व्हर रीस्टार्ट केला तरी फीडर नव्याने बनतात, पण पर्सिस्टंट फीडर्स चालू असतील तर रीस्टार्टनंतरही जुन्याच खुणा डिस्कवरून परत येतात. "रीस्टार्ट करून बघितलं, तरी तेच" ही तक्रार आली की आधी ही सेटिंग बघा.

उलट बाजूही आहे. नग पुसून शून्य केले तरी पडलेली खूण जात नाही. आकडा चुकत नाही, मेमरी अडकून राहते.

शोधायचं कसं? बेरजेच्या सेलवर राइट क्लिक करून चेक फीडर्स चालवा, न फीड झालेल्या सेलची यादी मिळते. मोठ्या बेरजेवर ते चालवू नका, सर्व्हर बसतो. एक महिना, एक विभाग असा छोटा तुकडा घ्या. पूर्ण क्यूबची खात्री करायची असेल तर टेस्ट सर्व्हरवर स्किपचेकची ओळ तात्पुरती काढून मोठ्या बेरजा नोंदवा, ओळ परत घाला आणि पुन्हा नोंदवा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं अंडरफीडिंग (सुटलेल्या खुणा), रुपयांत. ओव्हरफीडिंग, म्हणजे गरजेपेक्षा जास्त खुणा, शोधायला परफॉर्मन्स मॉनिटर चालू करून स्टॅट्स-बाय-क्यूब हा कंट्रोल क्यूब उघडा. तिथे भरलेल्या सेलची संख्या, फीड झालेल्या सेलची संख्या आणि फीडरने खाल्लेली मेमरी शेजारी शेजारी मिळते.

लहान क्यूब असेल, समजा दहा कॉस्ट सेंटर (खर्चाचे विभाग) आणि शंभर खाती, तर बिनधास्त ओव्हरफीड करा. तिथे काटेकोर अटी लिहीत बसण्यात अर्थ नाही. चुकलेल्या बेरजेपेक्षा वाया गेलेली थोडी मेमरी परवडते.

झीरो सप्रेशन (शून्याच्या ओळी लपवणं) लावलेल्या व्ह्यूमध्ये, म्हणजे क्यूबच्या स्क्रीनवरच्या मांडणीत, हाच दोष वेगळ्या रूपात येतो. न फीड झालेली ओळ अख्खी गायब होते आणि युजर सांगतो, "माझं प्रॉडक्ट कोणीतरी डिलीट केलं."

दर, टक्केवारी आणि सरासऱ्या

रूलला एन आणि सी अशा दोन बाजू असतात. एन म्हणजे खालच्या पातळीवर काय करायचं, सी म्हणजे बेरजेच्या पातळीवर काय. दरासाठी सी लिहिला नाही तर इंजिन दरांचीही बेरीज करतं: ४५० अधिक ४०० अधिक ४६०, एकूण दर १,३१०. हे हास्यास्पद दिसतं म्हणून लगेच पकडलं जातं. न पकडली जाणारी चूक म्हणजे साधी सरासरी, ४३६.६७. खरी भारित सरासरी ९,७५,००० भागिले २,२५०, म्हणजे ४३३.३३. सी पातळीवर नेहमी एकूण रक्कम भागिले एकूण नग लिहा. ग्रॉस मार्जिनची टक्केवारी, क्षमता वापर, प्रति टन खर्च यांनाही हाच नियम. या सी रूलना फीडर लागत नाही.

रूल वरून खाली वाचले जातात आणि सेलला लागू पडणारा पहिला रूल चालतो. विशिष्ट रूल वर, सरसकट रूल खाली. नवा रूल फाइलीच्या शेवटी चिकटवायची सवय असेल तर तो कधी चालणारच नाही, आणि एरर येणार नाही.

डेटा भरताना

ॲक्च्युअल, म्हणजे प्रत्यक्ष घडलेले, आकडे सॅप किंवा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येतात, टर्बो-इंटिग्रेटर या डेटा भरायच्या सोयीतल्या प्रोसेसने. सेल-पुट-एन हे फंक्शन सेलमध्ये आकडा ठेवतं, आधी असलेल्यावर लिहितं. एकाच खात्याच्या, एकाच कॉस्ट सेंटरच्या, एकाच महिन्याच्या तीन ओळी आल्या, १२,०००, ८,५०० आणि ४,३००, तर क्यूबमध्ये फक्त शेवटचे ४,३०० राहतात. हवे होते २४,८००. अशा वेळी सेल-इन्क्रिमेंट-एन वापरायचं, ते मिळवत जातं. पण मग प्रोसेस दोनदा चालली की आकडा दुप्पट. म्हणून प्रोलॉगमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या पहिल्या टप्प्यात, आधी तो महिना शून्य करायचा आणि मग मिळवायला लागायचं. शून्य करणाऱ्या व्ह्यूमध्ये वर्ष, महिना आणि व्हर्जन (ॲक्च्युअल की बजेट) तिन्ही बांधलेली आहेत ना हे दोनदा बघा. व्हर्जन मोकळं सोडलं तर ॲक्च्युअलबरोबर त्या महिन्याचं बजेटही साफ होतं.

नवं जीएल (जनरल लेजर) खातं अकाउंट्सने उघडलं, पण डायमेन्शनमध्ये, म्हणजे क्यूबच्या त्या बाजूच्या यादीत, ते नाही. ती ओळ नाकारली जाते, प्रोसेस "किरकोळ त्रुटींसह पूर्ण" असं सांगते, आणि किरकोळ शब्द वाचून कोणी लॉग उघडत नाही. चांगली पद्धत अशी: मेटाडेटा टॅबमध्ये (प्रोसेसच्या, याद्या बदलणाऱ्या भागात) अनोळखी खातं आपोआप "अनमॅप्ड" नावाच्या गटाखाली घ्या, आणि तो गट एकूण नफा-तोट्याच्या खालीच ठेवा. बेरीज जुळते, आणि अनमॅप्डमध्ये आकडा दिसला की कोणाला तरी विचारावंच लागतं. खातं डायमेन्शनमध्ये आहे पण कुठल्याच बेरजेखाली नाही, हा प्रकार त्याहून वाईट, कारण तिथे लॉगही स्वच्छ असतो. आणि तेच खातं दोन गटांखाली, दोन्ही गट एकाच एकूणाखाली, म्हणजे दोनदा मोजणी.

सीएसव्ही फाइल मधल्यामध्ये कोणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली तर कॉस्ट सेंटर ००१०४० चं १०४० होतं आणि सगळ्या ओळी नाकारल्या जातात. टॅलीतून काढलेल्या ट्रायल बॅलन्समध्ये डेबिट आणि क्रेडिट वेगळ्या रकान्यांत येतात, सॅपमध्ये क्रेडिट उणे येतं. उत्पन्न अधिक दाखवायचं की उणे, खर्च कसा, हे डेटा भरतानाच एकदा ठरवा. पुढे नफ्याच्या बेरजेत खर्चाला उणे एकचं वजन द्या. चिन्हाची उलटापालट रूलमध्ये, रिपोर्टमध्ये आणि डेटा भरताना अशी तिन्हीकडे विखुरली की ती सोडवणं म्हणजे आठवड्याचं काम.

डायमेन्शन बदलणाऱ्या प्रोसेस दिवसा चालवू नका. मेटाडेटा बदलताना सर्व्हर लॉक घेतो आणि आकडे भरणारे सगळे थांबतात. बजेटच्या शेवटच्या आठवड्यात तर नाहीच.

वर्ष आणि महिना: एक डायमेन्शन की दोन?

वर्ष वेगळं, महिना वेगळा ठेवला तर यंदाचा जून आणि गेल्या वर्षीचा जून शेजारी आणणं सोपं. एप्रिल ते जून, एप्रिल ते जुलै अशा संचयी बेरजाही सहज बांधता येतात. अडचण येते ती एप्रिलमध्ये: मागचा महिना म्हणजे मागच्या वर्षीचा मार्च, त्यामुळे सुरुवातीची शिल्लक काढताना प्रत्येक रूलमध्ये वर्ष ओलांडायची कसरत. आणखी एक अडचण पुण्या-चाकणकडच्या परदेशी कंपन्यांच्या उपकंपन्यांना नेमकी माहीत असते. इथलं वर्ष एप्रिल ते मार्च, मूळ कंपनी मागते जानेवारी ते डिसेंबर. दोन वेगळ्या डायमेन्शनमध्ये २०२६ चं कॅलेंडर वर्ष ही साधी बेरीज होत नाही, कारण जानेवारी ते मार्च एका आर्थिक वर्षात आणि पुढचे नऊ महिने दुसऱ्या.

"एप्रिल २०२६", "मे २०२६" असं सलग एकच डायमेन्शन केलं तर दोन्ही वर्षं त्याच महिन्यांवर दोन वेगवेगळ्या बेरजा म्हणून उभी राहतात, आणि मागचा महिना हा फक्त एक ॲट्रिब्यूट होतो. माझं मत: ताळेबंद आणि कॅश फ्लो मॉडेलमध्ये असतील, किंवा दोन वर्षपद्धती असतील, तर सलग. नुसता खर्चाचा एमआयएस (व्यवस्थापनासाठीचा रिपोर्ट) असेल तर दोन वेगळी.

क्यूबमधल्या डायमेन्शनच्या क्रमाबद्दल एवढंच: विरळ आधी, दाट नंतर, आणि शेरे किंवा मजकूर लिहायचे असतील तर तो स्ट्रिंग एलिमेंट शेवटच्या डायमेन्शनमध्येच हवा. मधल्या डायमेन्शनमध्ये ठेवलात तर मजकूर लिहिताच येणार नाही.

लाख, कोटी आणि बेरजेत टाकलेला आकडा

वर्कस्पेसमध्ये, म्हणजे टूलच्या ब्राउझरमधल्या स्क्रीनवर, बेरजेच्या सेलमध्ये थेट आकडा टाकता येतो आणि तो खाली वाटला जातो. वार्षिक प्रवासखर्चात १२,००,००० टाकले, बाराही महिने रिकामे असतील तर दरमहा १,००,०००. पण आधी काही आकडे असतील तर वाटणी त्यांच्या प्रमाणात होते. चाचणी म्हणून ऑगस्टमध्ये कोणी ५ रुपये टाकले आणि विसरला, बाकी महिने शून्य. आता १२ लाख टाका: सगळे ऑगस्टमध्ये जातील. वार्षिक बेरीज मात्र बरोबर दिसेल. वाटायच्या आधी तो भाग पुसून घ्या, किंवा समान वाटणी स्पष्ट निवडा.

दुसरं म्हणजे कॉस्ट सेंटरच्या जागी "एकूण कंपनी" निवडलेलं असताना आकडा टाकणं. ४० कॉस्ट सेंटर असतील तर तो ४८० सेलमध्ये विखुरतो, बंद झालेल्या विभागांसकट. ज्यांना बेरजेवर लिहायची गरज नाही त्यांच्याकडून तो हक्कच काढून घ्या.

आकड्यानंतर के टाकलं की हजार, एम टाकलं की दहा लाख. लाखासाठी आणि कोटीसाठी असा शॉर्टकट नाही. "१२ एम" हे १२ लाख समजून टाकणारे भेटतात, आणि बजेट दहापट होतं. इनपुटचा फॉर्म पूर्ण रुपयांत ठेवा, लाख फक्त रिपोर्टमध्ये. रिपोर्टमध्ये दशांश किती हेही आधी ठरवा. आपल्याच उदाहरणात ५.४०, ३.२० आणि १.१५ लाख, दशांश काढले तर ५, ३ आणि १ दिसतात आणि खाली एकूण १०. हातांनी केलेली बेरीज ९. हे पूर्णांकनामुळे झालंय अशी तळटीप रिपोर्टवर छापून टाका. आकडे जुळवण्यासाठी सेलमध्येच गोल करत बसू नका, ती चूक पुढे पसरते.

पगाराचं बजेट

बहुतेक कंपन्यांत मनुष्यबळ खर्च हा बजेटचा मोठा आणि सगळ्यात जास्त वेळा बदलणारा भाग. हे ग्रेडनिहाय सरासरीने करू नका, पोझिशननिहाय, म्हणजे एकेक पद धरून, करा. प्रत्येक पोझिशनला पाच इनपुट पुरतात: रुजू होण्याचा महिना, बेसिक, इतर भत्ते, वाढीची टक्केवारी, वाढ लागू होण्याचा महिना.

बेसिक ४०,०००, वाढ ८ टक्के, जुलैपासून. तीन महिने ४०,००० म्हणजे १,२०,०००. नऊ महिने ४३,२०० म्हणजे ३,८८,८००. वर्षाचं ५,०८,८००. एक्सेलमध्ये पूर्ण वर्षाला ८ टक्के लावायची सवय असते, त्याने ५,१८,४०० येतं. एका माणसामागे ९,६०० जास्त, आणि त्यावरचे पीएफ-ग्रॅच्युइटी वेगळे.

मालकाचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ६१,०५६. पण कंपनी १५,००० च्या मर्यादेवर पीएफ भरत असेल तर दरमहा १,८००, वर्षाला २१,६००, आणि पगारवाढीने तो बदलतच नाही. कोणाला कुठली पद्धत लागू आहे हे पोझिशनचं ॲट्रिब्यूट म्हणून ठेवा. दोन्ही प्रकार एकाच कंपनीत असतात. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे दर वर्षी १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा: १५ भागिले २६ भागिले १२. वरच्या उदाहरणात सुमारे २४,४७३. ताळेबंदातला आकडा ॲक्च्युअरी (विमागणिती) देतो, बजेटला हे चालतं.

रिकाम्या जागांना रुजू होण्याचा महिना सक्तीचा करा. नाहीतर एचआर सगळ्या जागा एप्रिलपासून धरतं आणि जूनमध्येच "बचत" दिसायला लागते.

गोपनीयतेचं एक भोक बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पोझिशनचा क्यूब कुलूपबंद असला तरी नफा-तोट्याच्या क्यूबमध्ये कॉस्ट सेंटरचा एकूण पगार दिसतो. ज्या कॉस्ट सेंटरला एकच माणूस आहे, तिथे तो आकडा म्हणजेच त्याचा पगार. अशी सेंटर शोधून वरच्या पातळीवर एकत्र दाखवा.

मी तर आकडे भरले होते

विभागप्रमुख सांगतो भरले, फायनान्सला शून्य दिसतं. दहापैकी बहुतेक वेळा त्याने आकडे सँडबॉक्समध्ये भरलेले असतात आणि कमिट (मूळ क्यूबमध्ये पक्के) केलेले नसतात. सँडबॉक्स म्हणजे त्याची खासगी प्रत, मूळ आकड्याला हात न लावता "असं केलं तर" बघायला उत्तम. पण नुसतं बजेट भरणाऱ्या माणसाला ती देऊच नका. फक्त फायनान्स आणि बिझनेस हेडना ठेवा.

फरकाचा रिपोर्ट

ॲक्च्युअल उणे बजेट सगळ्यांना सरसकट लावलं तर विक्री वाढली तरी अधिक आणि खर्च वाढला तरी अधिक. खात्याला अधिक एक किंवा उणे एक असं ॲट्रिब्यूट देऊन फरकाला त्याने गुणा, म्हणजे अधिक आकडा नेहमी चांगल्या बाजूचा राहील.

विक्रीच्या फरकाचे दोन तुकडे करा. बजेट १,२०० नग, ४५० दराने, ५,४०,०००. ॲक्च्युअल १,३०० नग, ४३० दराने, ५,५९,०००. फरक अधिक १९,०००. त्यात नगांमुळे १०० गुणिले ४५०, अधिक ४५,०००. दरामुळे उणे २० गुणिले १,३००, उणे २६,०००. नुसते १९,००० बघून सगळे खूश होतात, पण दर पडलाय ही बातमी दुसऱ्या तुकड्यात आहे. हा हिशेब प्रॉडक्टच्या पातळीवर करून मग बेरीज करा. एकूण नग आणि सरासरी दर घेऊन केला तर स्वस्त माल जास्त खपल्याचा परिणाम दराच्या तुकड्यात मिसळून जातो.

पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या टूलला डेटा देताना व्ह्यूमधून बेरजेचे एलिमेंट वगळा. ते राहिले तर पॉवर बीआय त्यांचीही बेरीज करतं: महिने, तिमाही आणि वर्ष तिन्ही गेले तर विक्री तिप्पट.

मंजूर बजेट फ्रीझ करणं

मार्चमध्ये मंजूर झालेलं बजेट रूलवर जिवंत ठेवलं आणि जूनमध्ये कोणी दराच्या क्यूबमध्ये दुरुस्ती केली, तर मंजूर बजेटच बदलतं. दराच्या क्यूबला व्हर्जन डायमेन्शन नसेल तर हे होणारच, म्हणून ते पहिल्या दिवसापासून ठेवा. विनिमय दराचा क्यूब आणि भत्त्यांच्या टक्केवारीचा क्यूबही यात आले.

मंजुरीनंतर एक प्रोसेस चालवा जी "बजेट चालू" मधले सगळे काढलेले आकडे खालच्या पातळीवर "बजेट मंजूर" या व्हर्जनमध्ये साधे आकडे म्हणून उतरवते. या व्हर्जनला रूल लागू नयेत म्हणून रूलच्या फाइलीत वरच त्याच्यासाठी स्टेट लिहा, म्हणजे तिथे साठवलेला आकडाच वाचला जाईल. दर आणि टक्केवारीचे सी रूल मात्र या व्हर्जनलाही लागतात, म्हणून ते स्टेटच्याही वर ठेवा. उतरवण्यापूर्वी स्टेट लागलेला असला पाहिजे, नाहीतर रूल असलेल्या सेलमध्ये आकडा लिहिलाच जात नाही आणि प्रोसेस लॉगमध्ये ढीगभर ओळी टाकते. मग सगळ्यांसाठी ते व्हर्जन फक्त वाचण्यापुरतं करा, ॲडमिनसकट, कारण चुका बहुधा ॲडमिनच्याच हातून होतात. त्याच दिवशी मंजूर झालेल्या पीडीएफशी एकूण विक्री, एकूण मनुष्यबळ खर्च आणि करपूर्व नफा पडताळा, आणि एप्रिलचा ॲक्च्युअल भरून झाल्यावर हेच तीन आकडे पुन्हा एकदा.